पाण्याखालचं गवत

"श्वास धर," मी जयदीपला म्हटलं. "हात ओले केलेस ना? आता उचल त्याला आणि स्वतःचा श्वास धर. तुझा सुटला की त्याला पाण्यात सोडायचं."

जयदीपने गाल फुगवले. हातात दोन किलोचा रोहू, समोर मोबाइल घेऊन त्याचा ऑफिसातला मित्र. मित्राला फोटोत मागची सोसायटी यायला नको होती, म्हणून तो एकदा डावीकडे सरकायचा, एकदा उजवीकडे. जयदीप लाल झाला, मग जांभळा झाला, शेवटी फस्सकन हवा सोडून त्याने मासा पाण्यात ठेवला. ठेवला, टाकला नाही. तेवढं माझ्याकडून शिकला होता. फोटो राहिलाच. मित्र म्हणाला, आंटीजी, एक बार और पकड़ लेंगे. मी म्हटलं, त्यापेक्षा गळ तुझ्या ओठात अडकवते आणि तुझाच फोटो काढते.

सगळे हसले. माघातलं धुकं होतं. हसणं पाण्यावरून जाऊन पलीकडच्या भिंतीला लागलं आणि जरा उशिराने परत आलं. जणू त्या काठावरही कोणी आमच्यासारखेच बसलेत आणि आमच्यानंतर हसतायत.

मला धुकं आवडतं. धुक्यात गाझियाबाद दिसत नाही. वीस-वीस मजल्यांच्या इमारती विरघळून जातात, हायवेचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतो, आणि उरतं ते हातभर पाणी, त्यात उभा असलेला मोरपिसाचा दांडा, त्या दांड्याभोवती एक बारीक वर्तुळ. दांडा बुडाला की मासा लागला. अशा सकाळी मी कुठल्या तळ्यावर बसलेय ते मला नेमकं सांगता येत नाही. माझ्या बापाच्या भंडाऱ्याकडच्या तळ्यावर, की इथल्या गावच्या चौधरींच्या या तळ्यावर. इथले लोक याला जोहड़ म्हणतात. गाव आता नावालाच आहे. तीन बाजूंना सोसायट्या, चौथ्या बाजूला चौधरींची उरलीसुरली मोहरी, आणि मधे हे पाणी, कोणी विसरून गेल्यासारखं.

मी ढिवराची मुलगी. माझ्या सात पिढ्या तळ्यातल्या माशांवर जगल्या. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. लग्न होऊन आले ती दिल्लीत, कोपर्निकस मार्गावर. आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे तिथे, त्याच्या स्वयंपाकघरात आमचे हे, सूर्यकांत, कामाला होते आणि मागे आमचं क्वार्टर होतं. एकतीस वर्षं तिथे काढली, पुढची भाड्याच्या खोल्यांत, पण गळाला हात लावला नाही. मुंबईहून बर्फात घातलेले पापलेट यायचे. मोठी पंगत असली की साफ करायला मला बोलवायचे. डोळ्यांवर पांढरी साय आलेले मासे. नव्यानव्याने ह्यांच्या मागे लागून एकदा यमुनेवर गेले होते, तर पाण्यावर हातभर फेस. हे म्हणाले, बघ, तुझ्यासाठी बर्फ पडलंय. मी घरी येऊन पिठलं टाकलं.

हे गेले. मुलाने, हरीशने, गाझियाबादेत बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान लावून झाल्यावर मी बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले आणि खाली पाणी दिसलं. ओला टॉवेल हातात तसाच राहिला. सून म्हणते की मी अर्धा तास उभी होते. मला तर वाटतं, मी पन्नास वर्षं उभी होते.

खाली उतरले ती एका रविवारी. काठावर सहा पोरं रेडिओच्या अँटेनासारख्या काठ्या धरून बसली होती आणि आपसात मराठी बोलत होती, म्हणून थांबले. पुण्या-मुंबईची, कॉम्प्युटरच्या कंपन्यांतली. चार रविवार येत होती आणि एक मासा नाही. मी थोडा वेळ बघितलं. मग राहवेना. म्हटलं, बाळांनो, सूर्य तुमच्या पाठीशी आहे, तुमच्या सहा सावल्या पाण्यात पडल्यात, माशांना वाटतंय सहा भुतं आलीत. आणि दुसरं म्हणजे काल शनिवार होता. शनिवारी अर्धं गाझियाबाद ज्योतिषाच्या सांगण्यावरून इथे येऊन कणकेच्या गोळ्या टाकून जातं. शनीची शांती झाली, मासे जेवून झोपलेत, आणि तुम्ही आज पुन्हा त्यांना कणीकच दाखवताय. सोसायटीच्या बागेतल्या गळक्या नळाखाली गांडुळं होती. मी ती बोटांनी उकरून आणली. पंधरा मिनिटांत मासा लागला. त्या दिवसापासून मी त्या सगळ्यांची आजी.

शिकवलं म्हणजे काय, शिव्या घातल्या. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे सोडवताना ओठ फाटत नाही, हे चार वेळा सांगावं लागलं. तुटलेला दोरा खिशात घालायचा. वीतभर दोरा राहिला तरी तो बगळ्याच्या पायात जातो. पोट फुगलेली मादी लागली तर फोटोबिटो काही नाही, पाण्यातल्या पाण्यात गळ काढायचा आणि तिची माफी मागायची. जयदीपने विचारलं, माफी कोणत्या भाषेत मागायची? मी म्हटलं, तुझ्या मराठीत नको मागूस, ती आणखी घाबरेल.

हरीशला हे आवडत नव्हतं. तो मोठ्या सरकारी कचेरीत सेक्शन ऑफिसर. एकदा जेवताना म्हणाला की सोसायटीत लोक तुला मछलीवाली आंटी म्हणतात. मी म्हटलं, मग चुकीचं काय म्हणतात? त्याने आणखी एक पोळी घेतली. त्याच्या बापासारखाच आहे, उत्तर नसलं की पोळी जास्त खातो.

त्या पोरांत एक रुचिरा होती. पुण्याची, एकोणतीस वर्षांची, नोएडात नोकरी, भाड्याच्या घरात एकटी. तिला गांडूळ गळाला लावता यायचं नाही. वर्षभरात एक मासा धरला तिने, तोही झाडाच्या मुळीला दोरा अडकलाय असं समजून ओढताना. पण येणं चुकवलं नाही. आणि एक वही. मी काही बोलले की ही लिहायची. ऊन कुठून, वारा कुठून, मासा कुठल्या महिन्यात तळाशी जातो. मी म्हणायचे, माशांना वाचता येत नाही बाई, कशाला कष्ट घेतेस. ती हसून लिहीतच राहायची. पाण्यापाशी आली की ती बोटांनी पाण्याला नुसती शिवायची, देवळाच्या पायरीला शिवतात तशी. ते मी पाहिलं होतं. तिला सांगितलं नव्हतं.

आता चौधरींचं सांगते. या पाण्यावर शब्द चौधरींचा. पंचाहत्तरीचा माणूस, पांढरी मिशी, हातात काठी. तळ्यामागे एक ठेकेदार लागला होता. त्याला सगळं पाणी जाळ्याने गाळून, आहे ते विकून, मांगूर सोडायचे होते. मांगूर म्हणजे पाण्यातलं डुक्कर, काहीही खातं आणि काहीही उरू देत नाही. गेल्या होळीला चौधरींनी मला विचारलं की या शहरी पोरांचं काय करू, ठेकेदार तर रोज येतो. मी त्यांना शब्द दिला. मी या काठावर आहे तोवर पाण्यातलं काही कमी होणार नाही, वाढेल. ते म्हणाले, "ठीक है बहनजी। अगली होली तक जोहड़ थारे भरोसे।"

माझ्या भरवशावर. पन्नास वर्षांत दिल्लीत माझ्या भरवशावर कोणी काही सोडलं नव्हतं. क्वार्टर सरकारचं, फ्लॅट मुलाचा, स्वयंपाकघर सुनेचं. हे पाणी तेवढं माझ्या शब्दावर होतं.

होळी पंधरा दिवसांवर आली, तेव्हा जयदीपने काढलं की तळं लखलखीत करून चौधरींना दाखवू. चांगली गोष्ट होती. काठावर बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, कोणाकोणाच्या पूजेतले हार, फुटक्या तसबिरी. रविवारी सकाळी वीसेक जण आले, ऑफिसातले आणखी काही. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, एकसारखे हातमोजे. कोणी विचारलं, आजी, कुठून सुरू करू? कोणी विचारलं, हे काढू का, ते काढू का? मला गुडघ्याने रात्रभर झोपू दिलं नव्हतं. मी म्हटलं, स्वच्छ करायचं म्हणजे स्वच्छ करायचं, घरी केर काढताना आईला विचारत बसता का? आणि बाभळीला टेकून बसले.

फाल्गुनाचं ऊन. मोहरीचा वास. मला डुलकी लागली.

डुलकीत मी बापाच्या तळ्यावर होते, आठ-नऊ वर्षांची. माझी आई आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या. वाकत होत्या, उठत होत्या. तळ्याचं गवत लावत होत्या, पाण्याखाली उगवतं ते, लांब फितीसारख्या पातीचं. मूळ चिखलात टेकवायचं आणि पायाच्या अंगठ्याने दाबायचं. पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. तोंड उन्हात होतं म्हणून दिसलं नाही, आवाज तिचाच. म्हणाली, कौशी, डोळे मीट, ऊन लागेल. मी स्वप्नात डोळे मिटले आणि स्वप्नातच झोपी गेले. झोपेच्या आतल्या त्या झोपेत किती वेळ गेला कोण जाणे. चुबुक चुबुक तेवढं चालूच होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

जाग आली ती वासाने. काकडी चिरल्यासारखा हिरवा, कच्चा वास.

डोळे उघडले तर चुबुक चुबुक खरंच चालू होतं. रुचिरा आणि आणखी चौघं पाण्यात उभी होती. वाकत होती, उठत होती. भिंतीलगत निळ्या ताडपत्रीवर गवताचा ढीग होता, माझ्या खांद्याएवढा. उपटून झालेल्या बाजूचं पाणी निवळून काचेसारखं झालं होतं. तळ दिसत होता, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा मोकळा. जयदीप माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, देखो, एकदम क्रिस्टल."

मी उठले. गुडघ्याचं भान नव्हतं. ढिगातली एक पात उचलून डोळ्यांपाशी धरली. पातीला दोन्ही बाजूंनी दाणे चिकटलेले, साबुदाण्याहून लहान, खसखशीहून मोठे, पिवळसर, आत एक काळा ठिपका. सायप्रिनस मासा या दिवसांत अंडी घालतो आणि ती गवताला चिकटवतो. दुसरीकडे कुठे चिकटवणार? भिंतीला? सकाळी आठपासून ढीग उन्हात होता. आता अकरा वाजून गेले होते. वरच्या पातींवरचे दाणे पांढरे पडले होते.

माझ्या तोंडात काय काय आलं ते इथे सांगत नाही. माझी जीभ साऱ्या सोसायटीला माहीत आहे. रुचिरा पाण्यातून वर आली, कोपरापर्यंत चिखल, चेहरा आनंदाने फुललेला. सगळ्यात जास्त गवत तिने उपटलं होतं. मी ती पात तिच्या तोंडासमोर धरली. म्हटलं, हे काय आहे बघ, डोळे आहेत ना तुला, बघ काय मारलंस ते.

तिने बघितलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती रडली नाही, हे मला अजून आठवतं. हातमोजे काढले आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, माझ्याकडे तुमचं सगळं लिहिलेलं आहे. गवताचं तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."



खरं होतं. कधीच सांगितलं नव्हतं. सावली सांगितली, गांडूळ सांगितलं, श्वास सांगितला. गवत सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कोणी सांगत नाही. पाळण्यातलं पोर आईच्या पदराआडून बघतं आणि त्याला समजतं. आकाश वर आहे हे कोणी कोणाला सांगतं का? आणि सकाळी त्यांनी विचारलं होतं. हे काढू का, असं हात जोडून विचारलं होतं. मी त्यांच्या तोंडावर माझा तोरा फेकला आणि झोपले.

मी म्हटलं, लिही.

तिने हात टी-शर्टला पुसले. म्हटलं, वही आण आणि लिही, आणि बाकीच्यांनी हात चालवा. वरचं सोडा. ढिगाच्या खालचं अजून ओलं आहे, तळातून काढा. दाणा पिवळा असेल तर पाण्यात, पांढरा असेल तर बाजूला. झटकू नका, बाळाचं अंग पुसतात तसं धरा. वीस जणांनी तो ढीग खालून उकरला. बांबू रोवून त्याला ओल्या पाती बांधल्या आणि बाभळीच्या सावलीत पाण्यात सोडल्या. मी सांगत होते, रुचिरा एका हाताने लिहीत होती, एका हाताने पाती देत होती. वहीवर चिखल, अक्षरांवर चिखल. निम्म्याहून जास्त गेलंच होतं. पण जे पाण्यात गेलं ते हललं, पसरलं. पाण्याखाली हिरवे केस मोकळे सुटल्यासारखं.

तेवढ्यात चौधरी आले. हातात भाजलेले हरभऱ्याचे टहाळे, पोरांसाठी. काठावर उभे राहून त्यांनी पाण्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले की लहानपणापासून या जोहड़चा तळ पाहिला नव्हता, आज पाहिला. ठेकेदाराला उद्याच नाही म्हणून सांगतो.

चौधरी शेतकरी माणूस. त्यांना गवत म्हणजे घाण. जयदीप माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, आजी, काही बोलू नका, ते खूश आहेत, काम झालंय आपलं. आणि काम झालंच होतं. पाणी माझ्या शब्दावर राहणार होतं. मी नुसतं गप्प बसायचं होतं, आणि हरीशचा बाप नेहमी म्हणायचा की तेवढं सोडून मला सगळं येतं.

पण मला आमचं घर दिसत होतं. भर उन्हात, डोळे उघडे ठेवून दिसत होतं. मी नऊ वर्षांची. तळ्यावर कोणी कधी जाळं टाकायचं ते माझा बाप ठरवायचा. त्या वर्षी तो चुकला. अंड्यांच्या दिवसांत त्याने चार दिवस आधी जाळ्यांना पाणी उघडलं, आणि चार दिवसांत जायचं ते गेलं. कोणी त्याला काही म्हणालं नाही. त्यानेच संध्याकाळी जाळं गुंडाळलं, घराच्या आढ्याला टांगलं आणि म्हणाला, माझं पाणी वर्षभर बंद. वर्षभर तो दुसऱ्यांच्या धानात राबला. आम्ही भात आणि अंबाडीची भाजी खाल्ली. मी त्या जाळ्याकडे बघत झोपायचे आणि बापाचा राग राग करायचे. वर्षभर त्याला माझ्याशी डोळे वर करून बोलताना पाहिलं नाही, आणि गावात मात्र त्याची मान एवढीही खाली गेली नाही.

मी चौधरींना सांगितलं. पांढरे दाणे तळहातावर ठेवून दाखवले. माझी हिंदी पन्नास वर्षांनंतरही मोडकीच, पण सगळं सांगितलं, झोपले होते हेसुद्धा.

चौधरींनी दाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "बहनजी, किसी ने ना देखा। तम क्यों बता रही हो?"

"मैंने देखा ना," मी म्हटलं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग काठी टेकवून म्हणाले की ठीक, आणखी एक होळी. गवत आलं तर पाणी तुमचं, नाही तर ठेकेदाराचं. मी पोरांकडे वळले. म्हटलं, गवत येईपर्यंत कोणाचाही गळ पाण्यात पडणार नाही. आणि माझा वर्षभर. गवत उद्या आलं तरी वर्षभर. माझी काठी, दोरा, मोरपिसाचा दांडा, सगळं चौधरींच्या हातात दिलं. त्यांनी न हसता घेतलं आणि ट्यूबवेलच्या खोपटावर, छपरात खोचून ठेवलं. त्र्याहत्तराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती, हे त्यांनाही माहीत होतं. तेही माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे.

पुढच्या रविवारी नऊ जण आले, त्याच्या पुढच्या रविवारी चार. मासे धरायला आलेली पोरं, गळाशिवाय किती दिवस चिखल तुडवणार? जयदीपने मानेसरच्या बाजूला पैसे भरून मासे धरायचं एक तळं शोधलं. जाताना माझ्या पाया पडला. वाईट नाही तो मुलगा. मी म्हटलं, तिथेही हात ओले करत जा. तो म्हणाला, बिल्कुल, आजी.

राहिली रुचिरा, आणि तिच्यासोबत कधी दोघं, कधी तिघं. ढिगातली जी मुळं जिवंत होती ती आम्ही चिखलाच्या गोळ्यांत घालून पाण्यात सोडली. मूळ आत, पात बाहेर. शनिवारी कणकेच्या गोळ्या टाकणाऱ्या एका बाईंनी आमच्या गोळ्या पाहिल्या आणि अदबीने विचारलं की ये कौन-से ग्रह के लिए है. मी म्हटलं, कौशल्या ग्रह के लिए. त्यांनी मान डोलावली. पुढच्या शनिवारी त्या स्वतःही चार गोळे टाकून गेल्या.

चैत्र-वैशाखात पाणी उतरलं. तळाची माती फाटायला लागली. मी छत्री घेऊन दुपारभर बसायचे, म्हशी हाकलायला. झळांमध्ये पलीकडचा काठ वितळायचा, आणि वितळलेल्या काठावर कधी आई दिसायची, कधी हे दिसायचे, अतिथिगृहाचा पांढरा कोट घालून, हातात झाकलेली ताटली. मी विचारायचे, काय आणलंत? ते झाकण काढायचे नाहीत. म्हैस हंबरली की कोणी नसायचं.

हात रिकामे असले की मन असंच भटकतं. मग मी बोलायला लागले. आधी गळ हातात असायचा, काम दाखवता यायचं. आता सगळं तोंडाने सांगावं लागायचं. मासा लागण्याआधी पाणी कसं जड होतं. गढूळ पाण्यात तळ कसा समजतो. जे मला माहीत आहे हेही मला माहीत नव्हतं, ते बाहेर यायला लागलं. रुचिराच्या वह्या तीन झाल्या.

भाद्रपदात आमच्या मराठी मंडळाने ठरवलं की गणपती या तळ्यात विसर्जन करायचे. आपलेच लोक. मी काठावर उभी राहिले. म्हटलं, बाप्पाला काय, बादलीही चालते, ढिवराच्या लेकीला विचारा. अध्यक्षांनी हरीशला फोन केला की तुमच्या आईसाहेबांना समजवा. हरीश खाली आला. इस्त्रीचा सदरा, हातात निळं पिंप. पिंप त्याने काठापासून दूर ठेवलं, सोसायटीच्या नळाला पाइप लावला आणि ते भरेपर्यंत शेजारी उभा राहिला.  त्या दिवशी तो एकच पोळी जेवला.

त्यानंतरचा रविवार. पाऊस सरत आला होता. पाणी काठोकाठ आणि चहासारखं गढूळ, दोन बोटांच्या खाली काही दिसत नव्हतं. वर हलकं धुकं धरायला लागलेलं, या वर्षाचं पहिलं. खाली गवत होतं की नुसता चिखल, पाणी उतरेपर्यंत समजायला मार्ग नव्हता, आणि पाणी उतरायला दिवाळी उजाडणार होती. मी म्हटलं, थांबू. रुचिरा म्हणाली, नाही थांबवत आजी.

तिने चपला काढल्या, सलवार गुडघ्यांवर गुंडाळली आणि उतरली. पोटरीएवढं, मग मांडीएवढं, मग कंबरेएवढं. पाऊल उचलत नव्हती, सरकवत होती, मी सांगितलं होतं तसं. धुक्यात ती कमरेच्या वरच तेवढी राहिली, आणि मग तीही पुसट झाली. मी तिच्याकडे बघत होते की आईकडे, मला सांगता येणार नाही. पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. मग वाजायचं थांबलं.



"आजी," धुक्यातून आवाज आला. "पायाला लागतंय. लांब आहे. सगळीकडे लागतंय."

मी पदराने नाक पुसलं. चौधरी मोहरीच्या रानातून येत होते. त्यांना ते दिसायला नको होतं.

"मग त्याच्यावर उभी काय राहिलीस," मी म्हटलं. "नीघ बाहेर."